लिनचेंगचा दरोडा (१९२३) आणि वकिलातींनी पेकिंग सरकारला दिलेला सल्ला

रानजाई

बरेच दिवस हा विषय डोक्यात आहे म्हणून शेवटी धागाच काढते. आपल्या देशाची माणसं परक्या मुलखात दरोडेखोरांनी उचलली की आपलं परराष्ट्र खातं तिथल्या सरकारला काहीतरी सांगतं, कधी गोडीत, कधी दम देऊन. ते नेमकं काय सांगतं, आणि त्याचे परिणाम तिथल्या साध्या माणसांना कसे भोगावे लागतात यावर मला बोलायचंय. उदाहरण चीनचं घेते, कारण तिथे सगळं उघड उघड घडलं, पेकिंगमधल्या (म्हणजे आजच्या बीजिंगमधल्या) परदेशी वकिलातींच्या मागण्या, सरकारची उत्तरं, शेवट काय झाला तो, सगळं नोंदलेलं आहे.

६ मे १९२३, पहाटेची वेळ. पुकौहून तिएनत्सिनला जाणारी एक्सप्रेस शांतुंग प्रांतात लिनचेंग स्टेशनाजवळ आली होती. (पुकौ म्हणजे नानकिंगच्या समोरचं, यांगत्से नदीच्या उत्तर काठावरचं गाव, शांघायकडून आलेले लोक तिथे नदी ओलांडून ही गाडी पकडायचे.) अमेरिकेहून आणलेले नवेकोरे पोलादी डबे, तेव्हाच्या चीनमधली सगळ्यात झकपक गाडी. दरोडेखोरांनी रूळ आधीच उखडून ठेवले होते. इंजिन घसरलं आणि हजारभर माणसं बंदुका घेऊन डब्यांत शिरली. जोसेफ रॉथमन नावाचा एक ब्रिटिश प्रवासी तिथेच गोळी लागून गेला. तीनशेच्या वर माणसं पकडली, त्यात पंचवीसेक परदेशी, आणि सगळ्यांना अंगावरच्या रात्रीच्या कपड्यांत, कित्येकांना अनवाणी, डोंगराकडे हाकत नेलं.

परदेशी लोकांत कोण कोण होतं बघा. ल्युसी ऑल्ड्रिच, म्हणजे धाकट्या रॉकफेलरची मेहुणी. शांघायच्या एका इंग्रजी साप्ताहिकाचा संपादक जॉन पॉवेल. मुसो नावाचा शांघायमधला बडा इटालियन वकील. अमेरिकन सैन्यातले दोन मेजर, तेही बायकापोरांसकट. त्यामुळे दोन दिवसांत ही बातमी जगभर गेली. बायकांना लवकर सोडलं, पुरुष मात्र पाच आठवडे पाओत्झुकू नावाच्या उभ्या कड्याच्या डोंगरावर आणि आसपास अडकले. शेवटचे परदेशी ओलीस १२ जूनला सुटले.

आता दरोडेखोर कोण ते. म्होरक्या सुन मेइयाओ, वय पंचविशीच्या आसपास. त्याचा थोरला भाऊ टोळीचा आधीचा नायक, तो १९२२ मध्ये सरकारी सैन्याशी लढताना मेला. टोळीत बरेचसे जुने शिपाई होते, पगार न देता पलटणी मोडून घरी पाठवलेले. काही जण पहिल्या महायुद्धात फ्रान्सला मजूर म्हणून जाऊन आलेले, त्या मजुरांची मोठी भरती शांतुंगमधूनच झाली होती. सरकारी सैन्यानं त्यांचा डोंगर वेढला होता, रसद तुटत चालली होती, आणि वेढा उठवायचा तर पेकिंगला नमवेल असं काहीतरी हातात हवं होतं. ते गाडीत मिळालं.

आणि ही कल्पना त्यांची स्वतःची नव्हती हे फार महत्त्वाचं आहे. आदल्याच वर्षी, १९२२ च्या शेवटी, शेजारच्या होनान प्रांतात लाओ यांगरेन नावाच्या म्होरक्यानं परदेशी मिशनरी पकडले होते. वकिलातींनी सरकारच्या मागे तगादा लावला, आमची माणसं जिवंत हवीत, आणि सरकारनं काय केलं तर त्याच्या टोळीला सैन्यात घेतलं! म्हणजे परदेशी माणूस पकडला की वेढा उठतो, बंदूक कायदेशीर होते, पगार सुरू होतो. सुन मेइयाओनं हे बघितलेलं होतं. त्याच्या मागण्या बरोब्बर त्याच होत्या, वेढा उठवा आणि आम्हाला सैन्यात घ्या.

मग वकिलातींनी पेकिंगला काय सांगितलं? पहिलं म्हणजे सैन्य मागे घ्या, गोळीबार झाला तर आमची माणसं मारली जातील. दुसरं, अमुक तारखेपर्यंत सोडवा, मुदत टळली तर प्रत्येक दिवसागणिक दंड वाढेल. म्हणजे लढायचंही नाही आणि उशीरही करायचा नाही. अशा वेळी सरकारपुढे एकच दार उरतं, समोरचा मागेल ते द्यायचं. आणि तेच झालं. रॉय अँडरसन नावाचा अमेरिकन, चीनमध्येच जन्मलेला मिशनऱ्याचा मुलगा, भाषा अस्खलित, त्यानं मध्यस्थी केली आणि सुन मेइयाओ सरकारी सैन्याचा ब्रिगेड कमांडर झाला, त्याची दोन-तीन हजार माणसं गणवेशात आली.

गंमत नाही, खरंच वाईट वाटतं ते पुढचं वाचून. १० ऑगस्टला सगळ्या वकिलातींनी मिळून दुसरं पत्र दिलं. त्यात ओलीस राहिल्याबद्दल परदेशी प्रवाशांना दिवसांच्या हिशेबानं भरपाई, शांतुंगचा लष्करी गव्हर्नर तिएन झोंगयूला काढून टाका, आणि रेल्वेवर परदेशी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली पोलीस ठेवा. चिनी प्रवाशांच्या भरपाईचं काय? गाडीत पकडलेल्यांत सगळ्यात जास्त तेच होते. त्या डोंगरावर आधीपासून खंडणीसाठी डांबलेली चिनी लहान मुलं होती, पॉवेलनं स्वतः ती पाहिली आणि लिहून ठेवलं. परदेशी लोक सुटले म्हणून त्या मुलांचा प्रश्न कोणाच्या पत्रात आला का?

आणि सुन मेइयाओ? डिसेंबर १९२३ मध्ये त्याला मेजवानीचं बोलावणं देऊन सरकारी सेनापतीनं तिथेच मारलं, त्याची ब्रिगेड मोडून टाकली. म्हणजे आधी दबावाखाली शब्द दिला, मग दबावाखालीच मोडला. त्यानंतर चीनमधला कुठला दरोडेखोर सरकारचा शब्द खरा मानून खाली उतरला असता?

माझं म्हणणं एवढंच की वकिलातींनी ज्याला सल्ला म्हटलं ती फक्त आपल्या माणसांची मागणी होती. तिचा खर्च शांतुंगच्या शेतकऱ्याच्या खात्यावर पडला. तुम्हाला काय वाटतं?

पाणवठा

छान लिहिलंयस ताई. मला एक समजलं नाही, पेकिंग सरकार एवढं दुबळं का होतं? एका प्रांतातली एक टोळी आवरता येत नाही म्हणजे काय?

जुनाट_नकाशा

@पाणवठा, पेकिंगचं सरकार म्हणजे तेव्हा नावाचंच केंद्र. प्रत्येक प्रांतात स्वतःचं सैन्य असलेला सेनापती, तो कर गोळा करणार, तोच शिपाई पोसणार, पेकिंगला मनात आलं तर काहीतरी पाठवणार. राष्ट्राध्यक्ष ली युआनहोंग. ज्या १२ जूनला ओलीस सुटले त्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ जूनला, त्यालाच सेनापतींच्या दबावापुढे पेकिंग सोडून पळावं लागलं! आता विचार करा, ज्या राष्ट्राध्यक्षाला स्वतःच्या राजधानीत राहता येत नाही त्याला वकिलाती सांगतायत की शांतुंगमधला सेनापती बडतर्फ करा. कसा करणार? आणि शिपायांचे पगार थकले की त्यातलेच निम्मे डोंगरात जाणार, डोंगरातले सैन्यात येणार, ये-जा चालूच. दरोडेखोरी थांबवायची तर पहिला उपाय शिपायाचा थकलेला पगार देणं हा होता आणि तो एकाही पत्रात नाही.

रानजाई, हे प्रकरण वाचताना मला दोन जुनी प्रकरणं आठवली, ती इथेच टाकतो कारण मुद्दा तोच आहे.

एक ग्रीसचं. एप्रिल १८७० मध्ये अथेन्सहून मॅरेथॉनचं रणांगण बघायला गेलेली इंग्रज पाहुण्यांची मंडळी अर्वानिताकिस टोळीनं पकडली. बायकांना सोडलं, लॉर्ड मनकास्टरला पैसे आणायला पाठवलं. मागणी होती २५,००० पौंड आणि वर माफी. पैशाची तयारी होती. माफीवर अडलं, कारण ग्रीसच्या राज्यघटनेत अशी माफी बसत नव्हती. ब्रिटिश सरकारचा आग्रह असा की घटना राहू दे बाजूला, माफी द्या. ग्रीक सरकारनं नकार दिला आणि सैन्य पाठवलं, दिलेसी गावाजवळ वेढा पडल्यावर टोळीनं चारही ओलीस मारले, तीन इंग्रज आणि इटालियन वकिलातीतला एक जण. नंतर इंग्लंडमध्ये ग्रीसला एवढ्या शिव्या बसल्या की बास, काही वर्तमानपत्रांनी तर ग्रीस व्यापून टाका इथपर्यंत मजल मारली.

दुसरं मोरोक्कोचं. मे १९०४, तांजियरमध्ये रैसुली नावाच्या सरदारानं आयन पर्डिकॅरिस या श्रीमंत माणसाला त्याच्या घरातून पळवलं. अमेरिकेनं युद्धनौका पाठवल्या. रूझवेल्टच्या परराष्ट्र मंत्र्यानं तार केली की आम्हाला पर्डिकॅरिस जिवंत हवा नाहीतर रैसुली मेलेला. ती तार पक्षाच्या अधिवेशनात वाचून दाखवली, टाळ्यांचा कडकडाट. प्रत्यक्षात तोवर सुलतानानं सगळं कबूल केलेलं होतं, ७०,००० डॉलर आणि तांजियरच्या आसपासच्या मुलखाची सुभेदारी! ज्यानं माणूस पळवला त्यालाच त्या भागाचा कारभारी केलं. पुढे १९०७ मध्ये त्यानं सुलतानाच्या पदरी असलेल्या सर हॅरी मॅक्लीनला पळवलं आणि त्याचे २०,००० पौंड घेतले. म्हणजे लाओ यांगरेन आणि सुन मेइयाओचीच गोष्ट, वीस वर्षं आधीची.

दर्यावर्दी

मी उलट बाजूनं बोलणार आहे, राग मानू नका.

माझा चुलतभाऊ मर्चंट नेव्हीत आहे, आमच्या गावातून घरटी एक तरी माणूस जहाजावर. डिसेंबर २०१९ मध्ये नायजेरियाजवळच्या समुद्रात नेव्ह कॉन्स्टेलेशन या टँकरवरून १८ भारतीय खलाशी चाच्यांनी उचलले, ते सुटेपर्यंत तोच महिना सरत आला. त्याच महिन्यात ड्यूक नावाच्या जहाजावरून २० भारतीय नेले, ते जानेवारीत सुटले पण एक जण तिथेच कैदेत मेला. त्या दिवसांत आमच्याकडच्या बायका फोन हातातून खाली ठेवत नव्हत्या. आता मला सांगा, अशा वेळी आपल्या वकिलातीनं तिथल्या सरकारला काय सांगायचं? की तुमच्या खाडीतल्या पोरांना आधी नोकऱ्या द्या, तेलामुळे नासलेली मासेमारी सुधारा, मग आमची माणसं सोडवा? वकिलातीचं पहिलं काम आपला माणूस जिवंत घरी आणणं. सैन्य मागे घ्या असं लिनचेंगला सांगितलं तर त्यात चूक काय? जुनाट_नकाशा यांनीच ग्रीसचं उदाहरण दिलं, तिथे सैन्य पुढे गेलं आणि चार माणसं मेली. लिनचेंगला सैन्य मागे राहिलं आणि सगळे परदेशी सुटले, रॉथमन सोडून, आणि तो पहिल्या रात्रीच गेला होता.

ताईंचा मुद्दा मला पटतो की शेतकऱ्याचं कोणी बघितलं नाही. पण ते बघणं चीन सरकारचं काम होतं. परक्या वकिलातीकडून ती अपेक्षा कशाला?

रानजाई

दर्यावर्दी, राग कसला, तुमच्या गावातल्या बायकांचं वाचून गलबलून आलं. आपला माणूस परत आणू नका असं मी म्हणतच नाहीये. सैन्य थांबवा ही मागणी मलाही रास्तच वाटते, पॉवेल आणि इतरांचे जीव त्यामुळे वाचले.

पण वकिलाती तिथे थांबल्या नाहीत हो. आपला माणूस सोडवण्यासाठी जे मागितलं आणि सोडवल्यावर जे मागितलं, या दोन्हींत फरक करायला हवा. मे-जूनमध्ये त्या सांगत होत्या की काहीही करून तडजोड करा. ऑगस्टमध्ये म्हणतात शिक्षा करा, पैसे द्या, तुमच्या रेल्वेवर आमचे अधिकारी नेमा. ज्या तडजोडीसाठी स्वतः भाग पाडलं तिचा पुढे नीट कारभार लागावा, त्या दोन-तीन हजार माणसांना पगार मिळतो का, ती पुन्हा गावं लुटत नाहीत ना, हे कोणी विचारलं नाही. आणि परक्या वकिलातीकडून ही अपेक्षा कशाला, असं तुम्ही विचारता, तर याच वकिलातींच्या देशांना चीनमध्ये स्वतःची न्यायालयं होती, स्वतःच्या वसाहती होत्या, चीनचं जकात खातं परदेशी माणूस चालवत होता. एवढा हात आत घातलेला असताना "ते तुमचं काम" असं म्हणणं मला खटकतं.

बरं, चीन सरकारनंही मान तुकवली असं नाही. परराष्ट्र मंत्री वेलिंग्टन कू होता, तोच पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा न्यायाधीश झाला. त्यानं सप्टेंबरमध्ये उत्तर दिलं, भरपाईचा विचार करू पण तो औदार्य म्हणून, रेल्वे पोलीस आमचे आम्ही सुधारू, आणि अधिकाऱ्यांना शिक्षा आमच्या कायद्यानं. उत्तर ठणठणीत होतं. पण ऑक्टोबरमध्ये त्साव खुन लाच वाटून राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याला वकिलातींकडून मान्यता हवी होती. वकिलातींनी सांगितलं, आधी लिनचेंगचं बघा. झालं, तिएन झोंगयूला जावं लागलं. लाच देऊन निवडून आलाय हे सगळ्या जगाला माहीत, त्याबद्दल एक शब्द नाही, लिनचेंगची मागणी मान्य केली म्हणून रांगेनं अभिनंदनाला गेले.

लागोसहून

मी नायजेरियात लागोसला राहतो, इथे आपल्या मराठी लोकांचा बऱ्यापैकी गोतावळा आहे, त्यामुळे धागा वाचून लिहावंसं वाटलं. लागोस दक्षिणेला, त्यामुळे आम्हाला रोजचा त्रास नाही, पण वायव्येकडे झामफारा, कात्सिना, कादुना या राज्यांत जे चाललंय ते लिनचेंगपेक्षा वेगळं नाही. तिथे यांना 'यान बिंदिगा' म्हणतात, बंदूकवाले. सुरुवात गुरांच्या चोऱ्यांपासून झाली. फुलानी गुराखी आणि हाउसा शेतकरी यांच्यात चराऊ जमिनीवरून भांडणं, मग गावोगावची जागल्या पथकं, त्यांनी केलेल्या हत्या, मग बदला, त्यात लिबियाकडून आलेल्या बंदुका, आणि आता तो सरळ धंदा झालाय, शाळेतली पोरं सुद्धा सोडत नाहीत. कांकाराला डिसेंबर २०२० मध्ये तीनशेच्या वर मुलगे, फेब्रुवारी २०२१ मध्ये जांगेबेला २७९ मुली.

रेल्वेचं म्हणाल तर २८ मार्च २०२२ ला अबुजा-कादुना गाडी स्फोटकं लावून थांबवली, किमान ८ माणसं मेली, साठच्या वर पळवली. शेवटचे २३ जण ५ ऑक्टोबरला सुटले. सहा महिने! पळवलेले जवळजवळ सगळे नायजेरियनच होते त्यामुळे जगानं किती लक्ष दिलं ते तुम्हीच बघा. पंचवीस परदेशी असते तर चित्र वेगळं असतं हे कडवट पण खरं आहे.

आता सल्ल्याबद्दल. तडजोडीचे प्रयोग इथे राज्य सरकारांनी स्वतःच केलेत. कात्सिनाचे गव्हर्नर मसारी यांनी २०१९ मध्ये म्होरक्यांशी बोलणी केली, फोटो काढले, २०२० मध्ये जाहीर केलं की त्यांनी आमचा विश्वासघात केला, बोलणी बंद. शेजारच्या झामफारात गव्हर्नर मतावल्ले यांनी पण माफी देऊन पाहिली, हल्ले थांबले नाहीत. कारण एका म्होरक्याशी करार केला तर दुसरा बाहेरच, त्यांचं एक सैन्य नाही, शेकडो टोळ्या आहेत.

आणि बाहेरून काय आलं, तर विमानं. अमेरिकेनं १२ सुपर टुकानो लढाऊ विमानं विकली, २०२१ मध्ये ती आली, पण ती बोको हराम वगैरे दहशतवाद्यांविरुद्ध वापरायची, साध्या दरोडेखोरांवर नाही अशी अडचण होती. मग काय, नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं यान बिंदिगांना दहशतवादी ठरवलं, जानेवारी २०२२ मध्ये राजपत्रात आलं, आणि विमानांचा रस्ता मोकळा. अट घालण्यामागे अमेरिकेची चिंता खरी होती, नागरिकांवर बॉम्ब पडू नयेत. पण कागदावरचं लेबल बदललं म्हणून खालची माणसं बदलत नाहीत. ३ डिसेंबर २०२३ ला कादुनातल्या तुदुन बिरी गावात लोक धार्मिक कार्यक्रमाला जमलेले असताना सैन्याच्याच ड्रोननं चुकून हल्ला केला, ८५ च्या आसपास माणसं गेली, बायका, मुलं.

जुनाट_नकाशा म्हणतात तसं शिपायाचा पगार, पोलीस चौकी, चालू असलेलं न्यायालय, गुरांच्या वाटा कुठून जाणार याचा निवाडा, या गोष्टी परदेशी पाहुण्यांच्या भाषणात शेवटी एका ओळीत येतात. विमानांचं मात्र पानभर.

भीमाकाठ

मला चंबळ आठवलं. इथे परराष्ट्र वगैरे काही नाही, देश आपलाच, पण टोळीशी बोलावं की नाही आणि बोलावं तर काय द्यावं हा वाद तोच. मे १९६० मध्ये आपले विनोबा भिंड-मोरेना भागात चालत गेले. फाशीची शिक्षा झालेल्या तहसीलदार सिंगनं तुरुंगातून पत्र लिहून बोलावलं होतं. २० डाकूंनी हत्यारं त्यांच्यासमोर ठेवली. विनोबांनी त्यांना माफीचं वचन दिलं नाही, पैसे नाही, हुद्दा तर नाहीच. खटले चालले, शिक्षा झाल्या. तरीसुद्धा तेव्हाचे मध्य प्रदेशचे पोलीसप्रमुख रुस्तमजी यांनी उघड टीका केली की यामुळे पोलिसांचं नीतिधैर्य खचतं, डाकूला हिरो बनवलं जातं. रुस्तमजी मूळचे आपल्या कामठीचे. मला दोघांचंही म्हणणं कळतं. नंतर १९७२ ला जयप्रकाशजींच्या वेळी शेकडो डाकू आले, तेव्हा फाशी होणार नाही एवढा शब्द सरकारकडून होता, आणि मुंगावलीला खुलं कारागृह काढलं, कुटुंबांना जमिनी वगैरे.

लिनचेंगशी फरक हा की हत्यार परत हातात दिलं नाही. सुन मेइयाओला तीच बंदूक, वर बिल्ला.

सातारी_माणूस

@भीमाकाठ, फरक एवढाच नाही. चंबळमध्ये बोलणी करणाऱ्या माणसाचा स्वतःचा काही फायदा नव्हता आणि मागे कोणी घड्याळ लावलेलं नव्हतं. विनोबांना कोणी म्हटलं नाही की शुक्रवारपर्यंत नाही झालं तर दंड. लिनचेंगला मुदत देणारे तेच, मग घाईत केलेल्या कराराला नावं ठेवणारेही तेच.

रानजाईताई, परदेशी अधिकाऱ्यांच्या रेल्वे पोलिसांचं पुढे काय झालं? ते लिहायचं राहिलंय. आणि अमेरिकन वकिलातीचा प्रमुख शुरमन काय म्हणत होता? तो मुत्सद्दी नव्हता ना मूळचा, प्राध्यापक होता असं काहीतरी वाचलंय.

रानजाई

हो, शुरमन आधी कॉर्नेल विद्यापीठाचा अध्यक्ष होता. रेल्वे पोलिसांची योजना मुख्यतः ब्रिटिशांनी पुढे रेटली, त्यांचे पैसे रेल्वेत अडकले होते आणि त्यांना नौदलाचं शक्तिप्रदर्शनही हवं होतं. अमेरिका आणि जपान दोघांनाही ते फारसं पसंत नव्हतं, ब्रिटिशांच्या हाती रेल्वे जाईल ही धास्ती. त्यामुळे ती योजना कागदावरच राहिली आणि चीननं आपलं रेल्वे पोलिसांचं काम आपल्याकडे ठेवलं. म्हणजे सगळ्या पत्रापत्रीतून हाती लागलं काय, तर भरपाई आणि एका गव्हर्नरची खुर्ची.

एक नुकसान मात्र मोठं झालं. १९२१-२२ च्या वॉशिंग्टन परिषदेत ठरलं होतं की चीनमधली परदेशी न्यायालयं उठवता येतील का हे बघायला आयोग नेमायचा. लिनचेंगनंतर म्हणायला कारणच मिळालं, बघा, यांना रेल्वे सांभाळता येत नाही. आयोग बसला तो थेट १९२६ मध्ये आणि त्यानं सांगितलं अजून वेळ आलेली नाही. चीनच्या कॉलेजातल्या मुलांना यातून काय वाटलं असेल? पंचवीस माणसांच्या पाच आठवड्यांसाठी चाळीस कोटींची अब्रू बाहेर काढली. मला तरी त्यांचा संताप कळतो.

लागोसहून, तुमची पोस्ट वाचून मला माझं म्हणणं जरा नीट मांडता येतंय. कोणत्याही वकिलातीनं असं पत्र लिहिताना ओलिसांची यादी एकच ठेवावी, त्यात आपले आणि तिथले दोघांची नावं, आणि सुटकेची अट सगळ्यांना सारखी. हे अशक्य नाही, लिनचेंगला तर मध्यस्थ अँडरसन डोंगरावर जात-येत होता, चिनी कैद्यांबद्दल बोलणं त्याला जड नव्हतं, मागे उभं राहणारं कोणी नव्हतं. दुसरं, हत्यार आणि हुद्दा देऊन सोडवणूक करा असा आग्रह आपण धरायचा नाही, आडूनसुद्धा नाही. शिक्षेत सूट, कुटुंबाला संरक्षण, जमीन, थकलेला पगार, यावर हवं तेवढं बोला. आणि करार झाला तर तो मोडू देऊ नका. सुन मेइयाओ जेवायला बोलावून मारला गेला तेव्हा एका तरी वकिलातीनं विचारायला पाहिजे होतं की जो करार आम्ही घडवून आणला तो तुम्ही कुठल्या अधिकारात मोडला.

पाणवठा

शेवटचा मुद्दा फार पटला. माणूस दरोडेखोर असला तरी शब्द दिला होता ना.

जुनाट_नकाशा

पहिल्या मुद्द्याबद्दल एक शंका. यादी एकच ठेवली तर टोळी भाव वाढवेल. तीनशे चिनी प्रवाशांची किंमत परदेशी सरकारच मोजणार असं दिसलं की मग चिनी प्रवासीही तेवढेच महाग, आणि पुढची गाडी लुटायला परदेशी असण्याचीही गरज नाही. कात्सिना-झामफारात शाळेची पोरं का उचलतात, तर आख्खं जग बघतं म्हणून.

लागोसहून

@जुनाट_नकाशा, हा धोका आहेच. पण आज इथे उलटं चाललंय, ज्या गावाकडे कोणी बघत नाही तिथे लोक शेत विकून, वर्गणी काढून खंडणी भरतात, आणि एप्रिल २०२२ मध्ये सिनेटनं विधेयक मंजूर केलं की खंडणी देणाऱ्याला किमान १५ वर्षं कैद. म्हणजे पोरगी पळवली गेली, पोलीस आले नाहीत, बापानं बैल विकून सोडवली तर बाप तुरुंगात. सरकारनं एकत्र बोलणी केली तर निदान त्या बापावर ही वेळ येत नाही.

दर्यावर्दी

यादी एकच हवी हे मी मान्य करतो. ड्यूक जहाजावर २० भारतीयांबरोबर नायजेरियाचाही एक माणूस होता, आमच्या बातम्यांत त्याचा उल्लेखसुद्धा धड नव्हता, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

पण मुदतीबद्दल मी माझ्या मतावर ठाम आहे. सरकारांना मुदत दिली नाही तर ती हलत नाहीत. दंड नको, धमकी नको, पण तारीख हवी, आणि ती घरच्यांना पण कळवायला हवी. डांबलेल्या माणसाची बायको परराष्ट्र खात्याला फोन करते तेव्हा तिला "प्रयत्न चालू आहेत" याच्या पलीकडे काहीतरी ऐकायला मिळालं पाहिजे.